कोलकाता : घड्याळ बघून खायचं शहर

कोलकात्यात कुठे काय खावं याच्या याद्या ढिगाने मिळतात. कधी खावं, हे मात्र त्यात क्वचितच असतं, आणि इथे खरी मेख तीच आहे. चिनी नाश्ता सकाळी आठच्या सुमारास आवरायला लागतो. कचोरीची खरी वेळ सकाळची. भज्यांची कढई दुपार कलल्यावर तापते. डलहौसी या कचेऱ्यांच्या भागातल्या फुटपाथवरचं जेवण रविवारी नसतंच, आणि कॉलेज स्ट्रीटवरची बहुतेक दुकानं रविवारी बंद. म्हणून निघण्याआधी आम्ही ठिकाणांऐवजी वेळांचं टिपण केलं. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. वहिनी पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मला काहीही चालतं. 'बंगालात जाऊन वहिनी खाणार काय?' हा प्रश्न निघेपर्यंत घरातल्या प्रत्येकाने विचारून झाला होता. जानेवारी मुद्दाम निवडला होता. थंडी असते आणि नवा गूळ आलेला असतो.

शुक्रवार

आदल्या दिवशी सकाळी नाशिकरोडला गीतांजली पकडली होती. खरगपूर मागे पडलं आणि डब्यात झालमुडीवाला शिरला. गळ्यात अडकवलेली चौकट, तिच्यात बसवलेले पत्र्याचे छोटे डबे : फरसाण, दाणे, भिजवलेले हरभरे, उकडलेला बटाटा, काकडी, कांदा, मिरची. एका उभ्या डब्यात मुरमुरे घेतले, बाकीचं चिमटी-चिमटीने टाकलं, वरून कच्च्या मोहरीच्या तेलाची धार सोडली आणि चमच्याने खडखड आवाज करत सगळं ढवळलं. कागदाच्या पुड्यात भरून वर ओल्या खोबऱ्याची पातळ काप खोचली. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा.

"चटणी राहिली का हो?" वहिनींनी विचारलं. राहिली नव्हती, यात चटणी नसतेच. भेळ मऊ पडायच्या आत संपवावी लागते. यात ओलं असं फारसं काही नाही, त्यामुळे खिडकीबाहेर बघत निवांत चघळता येते. मोहरीचं तेल पहिल्या घासाला नाकात चढतं. तिसऱ्या घासाला वहिनी म्हणाल्या, "लोणच्याच्या खाराची आठवण येते," आणि त्यांनी दुसरा पुडा मागितला. माझी अर्धी काळजी तिथेच मिटली.

हावड्याला उतरून आम्ही मेट्रोने एस्प्लनेड गाठलं. मार्च २०२४ पासून ही मेट्रो हुगळीच्या खालून जाते. नदीखालचा पट्टा साधारण अर्ध्या किलोमीटरचा, त्याला मिनिटसुद्धा लागत नाही. पूल बघायचा असेल तर मात्र वरूनच जावं. आम्ही सामानासह होतो, म्हणून खालून गेलो. खोली सेंट्रल मेट्रो स्टेशनजवळ घेतली होती, कारण तिथून चिनी नाश्ता आणि डलहौसी दोन्ही पायी जाण्यासारखं.

संध्याकाळ न्यू मार्केटच्या आसपास. रोलचं घराणं इथलंच. निझाम हे उपाहारगृह १९३२ पासूनचं. कबाब पराठ्यात गुंडाळून हातात द्यायची पद्धत तिथून सुरू झाली असं मानतात. लोखंडी सळयांऐवजी बांबूच्या काड्या आल्या त्या नंतर, साठच्या दशकात, आणि 'काठी रोल' हे नाव त्या काड्यांवरून. आता शहरभर कोपऱ्याकोपऱ्यावर रोलचा तवा असतो. मी बराच वेळ एका तव्यापाशी उभी होते. मैद्याचे पदर सुटलेले पराठे आधीच अर्धेकच्चे भाजून चळत लावलेली. ऑर्डर आली की तव्यावर अंडं फोडायचं, ते पसरायच्या आत त्यावर पराठा दाबायचा, उलटायचा. मग कबाबाचे तुकडे, कच्चा कांदा, हिरवी मिरची, लिंबू. कागदात घट्ट गुंडाळी. खाताना कागद फाडत फाडत खाली जायचं. मुंबईची फ्रँकी खाऊन वाढलेल्यांना हा रोल कोरडा वाटेल. मला आवडला तो त्यासाठीच : कबाबाची चव कबाबाचीच राहते. टोमॅटो सॉस विचारतात, तो नको म्हणावं. वहिनींसाठी बिनअंड्याचा आलू रोल सांगितला. तवा एकच असतो, तेव्हा कडक नियम पाळणाऱ्यांनी दुरूनच वास घ्यावा. वहिनींनी डोळे मिटले आणि खाल्ला.

शनिवार

हा दिवस उत्तर कोलकात्याचा. मेट्रोने थेट श्यामबाजारला जायचं आणि दिवसभर खात खात दक्षिणेला कॉलेज स्ट्रीटपर्यंत उतरायचं. चढण नाही, रस्ता जवळजवळ सरळ.

श्यामबाजारला पाच रस्ते मिळतात आणि मधोमध नेताजींचा घोड्यावरचा पुतळा आहे. तिथल्या मिठाईच्या दुकानांत सकाळी कचोरीसाठी झुंबड असते. आपल्या मनातली कचोरी म्हणजे फुगलेली, खुसखुशीत, आत मुगाचं सारण. इथली मऊ असते, पुरीच्या अंगाची, आत हिंग घातलेल्या उडदाच्या डाळीचा पातळ थर. जानेवारीत ओल्या मटारची मिळते, ती सोडू नये. सोबत सालासकट बारीक चिरलेल्या बटाट्याची पातळ भाजी, पाचफोडणीची. मेथी, कलौंजी, जिरं, बडीशेप आणि त्या जोडीला मोहरी किंवा राधुनी नावाचं ओव्यासारखं बी. हे सगळं साल वृक्षाच्या पानांच्या द्रोणात. उभ्याने खायचं, द्रोण टोपलीत टाकायचा, शेजारच्या परातीतली गरम जिलबी घ्यायची. भाजीत साखर असते, थोडी. वहिनींचं माहेर खानदेशातलं, त्यामुळे त्यांनी पहिल्या घासाला भुवया उंचावल्या. पण भाजी दुसऱ्यांदा त्यांनीच मागितली.

जवळच बागबाजार. नवीनचंद्र दास यांनी १८६८ मध्ये रसगुल्ला केला तो इथे, असं बंगाल सांगतं. ओडिशाला ते मान्य नाही. २०१७ मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१९ मध्ये ओडिशाच्याही. थोडक्यात, दोघांचं म्हणणं सरकारदरबारी मान्य झालं. आम्ही गुळाचा रसगुल्ला खाल्ला आणि वादात पडलो नाही.

हातीबागानवरून बिधान सरणीने खाली आलं की हेदुआ. शेजारच्या गल्लीत गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांचं संदेशाचं दुकान आहे, १८४४ चं. संदेश म्हणजे छेन्याची, फाडलेल्या दुधाच्या चोथ्याची, मिठाई. बसायची सोय नाही. गजांआडच्या माणसाला काय हवं ते सांगायचं आणि रस्त्यावर उभं राहून खायचं. संदेशाची निवड आधी पाकावरून होते. नरम पाक आणि कडा पाक. नरम म्हणजे छेना आणि गोड कमी वेळ शिजवलेलं, ओलसर, जिभेवर विरघळणारं, आणि दुसऱ्या दिवशी बिघडणारं. कडा पाक जास्त आटवलेला, घट्ट, प्रवासाला नेण्यासारखा. हे कळलं की निम्मी खरेदी सोपी होते.

गोड म्हणजे या दिवसांत नलेन गूळ. हा शिंदीच्या झाडाच्या रसाचा गूळ. तीच शिंदी, जी आपल्याकडे ओढ्याकाठी उगवते आणि जिची आपण बहुतेक नीरा किंवा ताडीच करतो. बंगालात थंडीच्या रात्री झाडाला मडकं बांधतात, उजाडायच्या आत उतरवतात, कारण ऊन चढलं की रस आंबायला लागतो. मग तो आटवायचा. गुळाला एक हलका धुराचा वास असतो. पेटीतल्या मिठाईत तो जेमतेम कळतो, ताज्या संदेशात पहिल्यांदा तोच येतो.

पुढच्या एका गल्लीत दुसऱ्याच एका छोट्या दुकानाच्या कारखान्याचं दार उघडं होतं. आत एक कारागीर लाकडी साच्यावर जलभरा संदेश भरत होता. साच्याच्या तळाला छेन्याचा गोळा दाबला, अंगठ्याने मधे खळगा केला, चमच्याने पातळ गूळ सोडला, वर छेन्याची चकती ठेवून कडा अशा मिटवल्या की जोड दिसू नये. साचा उलटा करून फळीवर एकच ठोका. ताडगोळ्याच्या आकाराचा संदेश बाहेर. वहिनी मोदकाच्या कळ्या पाडण्यात घरात कुणाला ऐकत नाहीत. त्या दारात उभ्या राहिल्या त्या हलेनात. शेवटी कारागिराने न विचारताच साचा त्यांच्यापुढे केला. त्यांच्या संदेशाला बुडाशी गळती लागली. तो फुटका संदेश आम्हालाच खावा लागला, तक्रार नाही. एक सांगते, जलभरा अख्खा तोंडात टाकावा. अर्धा चावला की गूळ कोपरापर्यंत ओघळतो.

दुपारी कॉलेज स्ट्रीट. पुस्तकांच्या ठेल्यांवर मी तासभर घालवला, त्याचा इथे संबंध नाही. कॉलेज स्क्वेअरसमोर पॅरामाउंट हे सरबताचं दुकान १९१८ पासून आहे. डाब सरबत मागवावं. शहाळ्याचं पाणी, थोडं गोड, खाली कोवळी मलई, ती चमच्याने काढून खायची. ही कृती रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी दिली असं तिथे सांगतात. मिरच्या आणि तळणाच्या दिवसात मधेच हे प्यायलं की पोटाला पुन्हा जागा होते.

चार वाजून गेले आणि रस्त्याचा वासच बदलला. भजी! इथे त्यांना तेलेभाजा म्हणतात. बेगुनी म्हणजे वांग्याच्या लांबट कापाचं भजं, पेयाजी म्हणजे कांद्याचं, आलूर चॉप म्हणजे आपल्या बटाटेवड्याचा चपटा भाऊ, थंडीत फ्लॉवरचे चॉप, आणि मोचार चॉप म्हणजे केळफुलाचा. केळफूल सोलायचा, प्रत्येक फुलातला दांडा काढायचा, ताकात भिजवायचा कंटाळा ज्यांनी केलाय त्यांना तो रस्त्यावर आयता मिळणं म्हणजे काय ते कळेल. भजी मुरमुऱ्यांबरोबर खातात. वर काळं मीठ भुरभुरलेलं. मुरमुरे तेल शोषून घेतात, भजं खुसखुशीत राहतं. पावाबरोबर खाण्याची सवय असलेल्या मला हे जास्त पटलं. व्हेजिटेबल चॉप म्हणून जो लालभडक प्रकार मिळतो त्यात बीट, गाजर आणि दाणे असतात. तो मात्र नुसता खावा, कासुंदी लावून. कासुंदी म्हणजे आंबवलेल्या मोहरीची झणझणीत चटणी.

भज्यांच्या दुकानांचाही इतिहास आहे. हातीबागानकडचं लक्ष्मीनारायण शॉ अँड सन्स १९१८ चं. दुकानात नेताजींच्या तसबिरी, आणि २३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, तिथे भजी फुकट वाटतात.

रात्री जेवलो नाही. लिंबू-चहा घेतला, काळं मीठ आणि जिरं घातलेला कोरा चहा. त्यानेच झोप लागली.

रविवार

अलार्म पहाटे पाचचा. चिनी नाश्त्याचा टिरेटा बाजार, पोद्दार कोर्टाजवळ, लालबाजार पोलीस मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर. धुकं होतं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मोदकपात्रांची उतरंड रस्त्याकडेला वाफ सोडत होती. झाकण उघडलं की समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. वाफवलेले पाव, शूमाई, पोर्कचे आणि चिकनचे मोमो, माशाच्या गोळ्यांचं पाणीदार सूप, चिनी सॉसेज. सूप आधी घ्यावं. माशाचे गोळे पांढरे, रबरासारखे लवचिक, सूपात मिठाशिवाय काही जाणवत नाही आणि थंडीत तेच हवं असतं.

वहिनींसाठी तिळात घोळवून तळलेले गोड गोळे होते. "यात चरबी नाही ना?" त्यांनी हिंदीत विचारलं. विकणाऱ्या बाईंनी हात हलवून कढईकडे बोट दाखवलं, ज्यातून काहीच निष्पन्न झालं नाही. वहिनींनी चहावर भागवलं आणि बघत बसल्या. बघण्यासारखं होतंच.

चिनी लोक इथे अठराव्या शतकाच्या शेवटी आले. टाँग अच्यू नावाच्या माणसाने बजबजजवळ साखरेचा कारखाना टाकला, ते गाव आजही अछिपूर म्हणून ओळखलं जातं. पुढे कोणी सुतार झाले, कोणी चामड्याच्या धंद्यात गेले, दुसरी वस्ती टँग्रात वसली. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. सुटल्यावर अनेकांनी देशच सोडला, बरेच कॅनडात गेले. आज टिरेटात विकणाऱ्यांमध्ये चिनी चेहरे कमी आहेत आणि खाणाऱ्यांमध्ये कॅमेरे जास्त. मला हा बाजार आवडला, पण हे जाणवल्याशिवाय राहिलं नाही. आठला मोदकपात्रं उतरायला लागली. साडेआठला तिथे भाजीवाले बसलेले होते.

दुपारी मी बिर्याणी खाल्ली. इथले बिर्याणीवाले हंड्याला लाल कापड गुंडाळून दर्शनी भागी ठेवतात, ते लांबूनच दिसतं. कोलकात्याच्या बिर्याणीत अख्खा बटाटा असतो. १८५६ मध्ये अवधचं राज्य गेल्यावर तिथला नवाब वाजिद अली शाह इथे मटियाबुर्जला येऊन राहिला, पैसा कमी पडला, म्हणून मटणाऐवजी बटाटा आला, अशी गोष्ट सगळे सांगतात. त्याला वर्षाला बारा लाखांचं पेन्शन होतं. त्या काळी बारा लाख! मला ही गरिबीची गोष्ट पचत नाही. बटाटा मात्र उत्तम पचतो. मटणाचा सगळा रस त्यात उतरलेला असतो. वहिनी शेजारी दहीभात खात होत्या.

संध्याकाळ वहिनींची. दक्षिणेला सदर्न अ‍ॅव्हेन्यूवर विवेकानंद पार्क, तिथे फुचकावाल्यांची, म्हणजे इथल्या पाणीपुरीवाल्यांची, रांग. उकडलेला बटाटा हाताने कुस्करून त्यात हरभरे, चिंचेचं पाणी, हिरवी मिरची, भाजलेल्या जिऱ्या-मिरचीची पूड आणि गंधराज लिंबू. हे लिंबू लांबट, सालीला अत्तरासारखा वास. पाणी चिंचेचं, आंबट, त्यात पुदिन्याचा हिरवेपणा नाही, गोड चटणी नाही, रगडा नाही. पुरी मोठी, पातळ, कणकेची. फुचकावाला गोल उभ्या राहिलेल्या सगळ्यांच्या द्रोणात आळीपाळीने एकेक टाकत जातो. कोणाचं कितवं चाललंय हे तो चुकत नाही, आपण चुकतो. बरेचसे फुचकावाले बिहार-उत्तर प्रदेशातले, त्यामुळे हिंदीत तिखट कमी-जास्त सांगता येतं. वहिनींनी 'जास्त' सांगितलं, दोनदा. त्याने वर बघितलं, एक मिरची आणखी ठेचली. शेवटची कोरडी पुरी फुकट, जशी आपल्याकडे.

पाणीपुरी श्रेष्ठ की फुचका? परतीच्या मेट्रोत वाद झाला. मी मुंबईच्या बाजूने होते, गरम रगड्यासाठी. वहिनी फितूर झाल्या.

सोमवार

ऑफिसपाडा. डलहौसी, म्हणजे आताचा बिनय-बादल-दिनेश बाग, कंपनी सरकारच्या काळापासून कारकुनांचा भाग. एक ते तीन या वेळात इथला फुटपाथ म्हणजे एक लांबलचक खानावळ असते. भात-माशाचं कालवण, चाऊमीन, लिट्टी-चोखा, घुगनी, टोस्ट, पानावर कापलेली फळं काळं मीठ घालून. बाक नसला तर बिल्डिंगच्या पायऱ्या आहेत. लोक ताट हातात धरून फोनवर बोलत जेवतात आणि दहा मिनिटांत वर जातात.

राजभवनाच्या बाजूला डेकर्स लेन. कागदोपत्री तिचं नाव जेम्स हिकी सरणी, ज्याने १७८० मध्ये इथे देशातलं पहिलं छापील वर्तमानपत्र काढलं तो हिकी. लोक मात्र डेकर्स लेनच म्हणतात. इथलं स्ट्यू प्रसिद्ध. पातळ रस्सा, त्यात चिकन, गाजर, कच्ची पपई, बटाटा, वर मिरपूड आणि लोण्याचा तुकडा, सोबत भाजलेला पाव. साहेबाच्या स्वयंपाकघरातला पदार्थ कारकुनाच्या डब्याच्या वेळेला जाऊन बसला आणि तिथेच राहिला. तीन-चार दिवसांच्या तळणानंतर तो रस्सा घशाखाली उतरला तेव्हा मला बरं वाटलं, खरंच बरं. वहिनींनी घुगनी घेतली : सुक्या वाटाण्याची घट्ट उसळ, वर खोबऱ्याचे तुकडे, कांदा, चिंच. घेताना विचारावं, कारण काही ठिकाणी घुगनीत खिमा असतो.

तीननंतर भांडी घासायला निघाली, आणि आम्ही प्रवासाची मिठाई घ्यायला. कडा पाक संदेश घरच्यांसाठी, तो मुंबई मेलमध्ये रात्र आणि दिवस टिकतो. नरम पाक घेऊच नये. टिनबंद रसगुल्ले टिकतात, पण ते नाशिकलाही मिळतात. शिवाय जयनगरचा मोवा, कनकचूर भाताच्या लाह्या नलेन गुळात वळलेले मऊ लाडू, वर बेदाणा. २०१५ मध्ये त्यालाही मानांकन मिळालंय. हा फक्त थंडीत मिळतो, आणि बर्थवर समोर बसलेल्या काकूंनी बॉक्स बघताच सांगितलं की दोन दिवसांत संपवायचा, नाहीतर लाह्या कडक होतात. वहिनींनी दोरा तिथेच सोडला. काकूंना दोन, त्यांच्या नातवाला एक, टीसींनी नको म्हटलं. नागपूरच्या आत बॉक्स रिकामा होता, आणि घरी आम्ही मोव्याचं नावच काढलं नाही.